बागेच्या साड्यांचा दोरा

ऊन तापायला लागलं की माझ्या मशीनशेजारी दोन ढीग लागतात. एक लग्नसराईच्या ब्लाउजांचा. त्यातल्या प्रत्येक बाईला तिचा ब्लाउज परवाच हवा असतो. दुसरा ढीग वरकुट्याहून, माझ्या सासरहून येतो, खताच्या रिकाम्या गोणीत कोंबून, आमच्या ह्यांच्या मोटरसायकलला मागे बांधून. त्यात जुन्या साड्या असतात. विटलेल्या, वाळकी पानं चिकटलेल्या, कुठे कुठे पाखरांनी घाण केलेल्या. ब्लाउजचं माप द्यायला आलेल्या बायका त्या गोणीकडे बघून नाक मुरडतात. मी सांगते, ह्या साड्या डाळिंबं नेसतात. इंदापूरकडच्या बायका हसतात, कारण त्यांच्या माहेरी तेच असतं. बारामतीत नव्याने राहायला आलेल्यांना मात्र पहिल्यापासून सांगावं लागतं.

सांगण्यासारखं फार काही नाही. थंडी सरता सरता धरलेल्या बहाराची फळं ऐन उन्हाळ्यात भरायला लागतात, आणि वैशाखातलं ऊन ज्या अंगाने लागेल त्या अंगाला फळावर तपकिरी चट्टा पडतो. असलं फळ आतून कितीही गोड असो, व्यापारी ते बाजूला काढतो. म्हणून झाडांवर सावली धरायची. ज्यांचं मोठं काम आहे ते तयार पांढरं कापड आणतात. बाकीचे साड्या घालतात. बस निमगाव केतकीच्या पुढे गेली की रस्त्याच्या कडेला अशा रंगीबेरंगी ओळी दिसायला लागतात. गाड्यांतून जाणारे लोक उतरून फोटो काढतात. त्या साड्या कुणाच्या आहेत हे त्यांना माहीत नसतं, मला माहीत असतं.

आमच्या बागेतून चालणं म्हणजे सगळ्या पाहुण्यांकडे एक चक्कर मारून येणं. ही मोरपंखी निमगावच्या मावशींची, त्यांच्या लेकीच्या साखरपुड्यातली. ही लिंबू रंगाची माझ्या मोठ्या जाऊबाईंची, हिच्यावर पहिल्याच दिवशी आमटी सांडली होती. ही फुलाफुलांची कुणी आणून दिली ते आठवत नाही, पण जी बाई ही एके काळी नेसायची तिला आरशात बघायची सवड नव्हती एवढं नक्की. भेटायला आलेल्या बायका चहा पिऊन झाला की बागेत शिरतात आणि आपली साडी शोधतात. सापडली की तिला हात लावून बघतात, आणि अजून बरी आहे की, उगीच दिली, असं म्हणतात. मला हे फार आवडतं.

ही बाग आत्यांची. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. लग्न होऊन आले तेव्हा सगळे त्यांना आत्या म्हणत होते, म्हणून मीही म्हणायला लागले. जमिनीच्या उताऱ्यावर कुणाचं नाव आहे ते बाजूला ठेवू. फांदीला मुळं फुटावीत म्हणून एकेक झाडाची गुटी त्यांनी स्वतः बांधली, रोपं पिशव्यांत वाढवली, खड्डे घेताना गड्यांच्या मागे उभ्या राहिल्या, आणि मामंजी गेल्यानंतरच्या वर्षांत घरात कुणाशी बोलावंसं वाटलं नाही तेव्हा त्या झाडांशी बोलल्या. हे शेवटचं त्यांनी मला कधी सांगितलं नाही. मी पाटाच्या कडेने जाताना ऐकलं होतं.

तो उन्हाळा मला आठवतो तो दोऱ्यामुळे. त्या साली माझ्या मोठ्या दिरांनी बाग काढायचं ठरवलं होतं. ते काही वाईट माणूस नव्हेत. घरची सगळी शेती तेच बघतात, आणि फवारणीच्या वासाने त्यांचं डोकं दुखतं. आधीच्या दोन बहारांना बाग लागली नव्हती. एकदा फळावर डाग आले, एकदा फुलं गळली. शेजारच्या रानात ऊस डोक्याएवढा झालेला रोज डोळ्यांसमोर दिसत होता. एके दिवशी जेवताना त्यांनी विषय काढला.

"आई, एवढा एक बहार बघ," ते म्हणाले. "न्हाय जमलं तर पाऊस पडायच्या आत जेसीबी लावतो. ऊस लावू. ना फवारा, ना राखण. कारखान्याची टोळी येती आन तोडून नेती."

"बघते की," आत्या म्हणाल्या. "बघू दे तरी."

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला तो पुढे बराच वेळ हातातच राहिला. मी मुलांना घेऊन सुट्टीसाठी तिथे गेले होते आणि समोर बसून हे बघत होते. मला त्या वेळी दिरांचा राग आला, आणि त्यांचं बरोबर आहे असंही वाटलं.

आत्यांनी त्या बहारासाठी काही करायचं बाकी ठेवलं नाही. आदल्या वर्षी साड्या नुसत्या गाठी मारून अंथरल्या होत्या. वारं सुटलं की गाठी सुटायच्या आणि साड्या उडून दुसऱ्याच्या उसात जायच्या. एक तर थेट डांबरी रस्त्यावर सापडली. तेवढ्या वेळात ऊन आपलं काम करून जायचं. म्हणून यंदा ओळीच्या ओळी सलग शिवून काढायच्या असं त्यांनी ठरवलं. साडीला साडी जोडून एक लांबच लांब पांघरूण, एका ओळीला एक, आणि त्याचे काठ फांद्यांना सुतळीने पक्के बांधायचे. बारामतीहून येताना मशीनचं मुंडकं घेऊन ये, असा मला निरोप आला होता. स्टँड तिथे होता, जुना, पायाने चालवायचा. मुंडकं मी गोधडीत गुंडाळून एसटीत मांडीवर घेऊन आले. बसमधल्या एका आजींनी मला बाळ किती महिन्यांचं म्हणून विचारलं.

निघायच्या आधी दोरा घ्यायला मी आमच्या नेहमीच्या दुकानात गेले होते. आत्यांनी फोनवर बजावून सांगितलं होतं, "दोरा असा आन की तुटला न्हाय पायजे." दुकानदार तात्या पिढीजात शिलाईचं सामान विकणारे. साड्या जोडायच्या आहेत, उन्हावाऱ्यात राहणार आहेत, म्हटल्यावर त्यांनी फळीवरून बॅगा शिवायच्या दोऱ्याचं रीळ काढलं आणि काउंटरवर ठेवलं.

"न्या हा," ते म्हणाले. "साडी झिजून जाईल ताई, पण शिवण हाय तशी राहील."

ही त्यांच्या मालाची तारीफ होती, आणि ती खरीच निघाली.

दोरा घेणं हे वाटतं तितकं सोपं काम नाही. गिऱ्हाइकाला जाड दोरा म्हणजे मजबूत दोरा वाटतो. पण सुती दोरा कितीही जाड घ्या, एक पाऊस आणि चार उन्हं खाल्ली की तो पिठूळ होतो, बोटांनी ओढला तरी तुटतो. नायलॉनचा दोरा ताणला जातो, शिवताना सरळ दिसतो आणि मशीनवरून काढला की कापड चुण्या घेतं. उन्हात टिकायला पॉलिस्टरचा बरा. मी रिळाचं टोक सोडून वीतभर दोरा घेते, पीळ उलगडून त्यात किती पदर आहेत बघते, मग बोटांच्या चिमटीतून ओढून कुठे गाठ, कुठे बारीक-जाड लागते का ते बघते. शेवटी एकदा हळूहळू ओढायचा आणि एकदा हिसका द्यायचा. काही दोरे हळू ओढले की टिकतात आणि हिसक्याला दगा देतात. तात्यांचा दोरा दोन्हीला टिकला. माझ्या बोटाला मात्र वळ उठला.

घरगुती मशीनला असला दोरा पचत नाही. ती बिचारी पोलकी, परकर, उशांचे अभ्रे शिवायला जन्मलेली. आधी सुई बदलावी लागते. सुईत दोरा ओवून सुई आडवी धरायची आणि दोऱ्यावरून घसरू द्यायची. आपोआप घसरली तर ठीक, अडकली तर मोठ्या नाकाची घ्यायची. मग वरचा ताण सैल करायचा, टाका लांब ठेवायचा, आणि चाक हाताने फिरवत पहिले टाके घालायचे. एवढं करून खालून गुंत्याचं जाळं झालंच. पडवीत बसून मी घामाघूम झाले होते, दोन सुया मोडल्या होत्या, आणि आत्या शेजारी साड्या सारख्या करत बसल्या होत्या.

मी त्यांना समजावून सांगितलं, की असं काम करताना वर जाड दोरा घालतात आणि खालच्या बॉबीनमध्ये साधा. मशीन नीट चालते, शिवण दिसायलाही चांगली दिसते.

"म्हंजी जोर पडला की खालचा तुटणार," त्या म्हणाल्या.

"तुटला तर तोच तुटेल."

"मग न्हाय. वर येक आन खाली येक, असलं मला नगं. खालीबी त्योच घाल."

मी बॉबीन केसचा बारका स्क्रू सैल केला, जाड दोरा हाताने बॉबीनवर गुंडाळला, आणि खालीही तोच घातला. बॉबीनवर तो इतका कमी मावायचा की जरा शिवलं की संपायचा. पण शिवण अशी बसली की मलाच कौतुक वाटलं. कापडाला दोन घड्या घालून त्यातून ती गेली होती. आत्यांनी ती दोन्ही हातांत धरून ओढली, पुन्हा ओढली, आणि पहिल्यांदाच त्या दिवसात मोकळं हसल्या. एक गोष्ट मला खटकत होती. झिरझिरीत साड्यांना जाड सुईने भोकं पडत होती, ओळीने, तिकीट फाडायला असतात तशी. मी म्हटलं, कापड कच्चं पडेल. त्या म्हणाल्या, दोरा धरील की त्याला.

निम्म्या ओळी झाल्या आणि रीळ संपलं. माणूस पाठवला तर तात्यांकडचं तेच शेवटचं होतं, नवीन माल यायला वेळ होता. ऊन थांबणार नव्हतं. उघड्या ओळींत एकदोन फळांवर चट्टे दिसायला लागले होते. माझ्याकडे मुलांच्या गणवेशाचा साधा दोरा होता, निळा. आत्यांना तो मुळीच पसंत नव्हता. त्यांनी एक धागा बोटाला गुंडाळला, झटकन तोडला आणि माझ्याकडे बघितलं.

"ह्यानं काय हुतंय? फुंकर मारली तर जाईल."

"दुसरा नाही आत्या."

"शीव मग. बिनसावलीचं ऱ्हाण्यापरीस बरं."

मशीनला मात्र सुटल्यासारखं झालं. ती आपल्या नेहमीच्या चालीने चालायला लागली, आणि उरलेल्या ओळी बघता बघता झाल्या. पांघरुणं अंथरायच्या दिवशी घरातले सगळे कामाला लागले. दीरही आले. त्यांनी बांबूच्या टोकाला फडकं गुंडाळून साड्या फांद्यांवरून पलीकडे ढकलल्या, कुणी न सांगता. पाटाकडच्या ओळींवर पक्क्या शिवणीची पांघरुणं, रस्त्याकडच्या ओळींवर निळ्या दोऱ्याची. काठ सगळीकडे फांद्यांना आवळून बांधले. आत्या संध्याकाळपर्यंत पाटाकडच्या अंगाला फिरत राहिल्या. रस्त्याकडच्या अंगाला त्या गेल्या की शिवणीला बोट लावून बघायच्या आणि मान हलवायच्या.

त्यानंतरचे दिवस चांगले गेले. दुपारी साड्यांखाली शिरलं की उजेड गुलाबी, पिवळा, हिरवा पडायचा, आणि त्यात फळं लालसर दिसायला लागली होती. मुलं तिथेच सतरंजी टाकून पत्ते खेळायची. चट्टे पडायचे थांबले. दीर एका सकाळी फळ हातात तोलून बघताना मी पाहिले. जेसीबीचा विषय त्या आठवड्यात निघाला नाही.

वळीव आला तो एका दुपारी, चहाच्या वेळेला. आधी नुसती धूळ उठली, मग आभाळ काळं झालं आणि वारं आलं. पडवीतून बाग दिसते. पाटाकडची पांघरुणं खालून वारं भरून मंडपाच्या कापडासारखी फुगली. वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. शिवण कुठेच सुटेना. सुतळी सुटेना. सगळं पांघरूण एकसलग, आणि ते फांद्यांना बांधलेलं. वाऱ्याने पांघरूण ओढलं आणि पांघरुणाने फांद्या ओढल्या. डाळिंबाची फांदी फळांनी भरलेली असली की बेचक्यात चिरते. तो आवाज वाऱ्यातही ऐकू येत होता. आत्या कोयता घेऊन पावसात धावल्या, सुतळ्या तोडायला. मी त्यांच्या मागे धावले. आम्ही किती तोडणार होतो? रस्त्याकडच्या अंगाने नुसता टर्र टर्र आवाज येत होता, शिवणी उसवल्याचा. मला वाटलं, तेही गेलं.

पाऊस जितक्या झपाट्याने आला तितक्या झपाट्याने गेला आणि लगेच ऊन पडलं. पाटाकडच्या ओळींत जमिनीवर फळं पसरली होती, आणि मोडलेल्या फांद्यांवर ते पांघरूण पडलं होतं. जिथे कापडाने हार खाल्ली होती तिथे सुईच्या भोकांच्या रेषेवर ते फाटलं होतं, पण फार उशिरा. शिवण तशीच होती. रस्त्याकडे गेलो तर तिथे प्रत्येक शिवण उसवली होती. साड्या सुट्या होऊन आपापल्या झाडाला एका टोकाने लटकत होत्या, काही खाली लोळत होत्या. झाडं मात्र उभी होती, आणि झाडांवर फळं होती. आत्या एका झाडापाशी उभ्या राहिल्या, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. पदराने तोंड पुसत होत्या, पावसाचं पाणी होतं की दुसरं काही ते मी बघितलं नाही.

दीर उसातून भिजत आले. त्यांनी सगळ्या बागेला एक फेरी मारली आणि पाटाकडच्या अंगाला येऊन थांबले. आत्या चिखलात बसल्या होत्या. त्यांनी फाटक्या पांघरुणाची एक शिवण उचलली आणि दोन हातांत धरून ओढली.

"दोरा तुटला न्हाय बघ," त्या म्हणाल्या.

मीच शिवली होती ती शिवण, आणि तिच्यात नाव ठेवायला जागा नव्हती.

"आई, आता काय राहिलंय हिच्यात?" दीर हळूच म्हणाले.

आत्या उठल्या, साडी झटकली. "ह्या ओळी तुझ्या. लाव ऊस, म्या काय बोलणार न्हाय. पण जेसीबी पाटाच्या अंगानं आन. त्या ओळींकडं वळवायचा न्हाय."

"निम्म्या बागेनं काय हुतंय?"

"निम्मी हाय म्हनून सांगती. समदी गेली असती तर तुला इचारलंबी नसतं."

दीरांनी रस्त्याकडच्या ओळींवरून एकदा नजर फिरवली. मग म्हणाले, "बरं." दुसऱ्या दिवशी सकाळी ते बांबूच्या बेचक्या घेऊन आले आणि राहिलेल्या ओळींतल्या वाकलेल्या फांद्यांना टेकू देत फिरले. आम्ही दोघी साड्या गोळा करून पुन्हा जोडायला बसलो. मी सहज म्हटलं, आता तात्यांकडे नवीन माल आला असेल. आत्यांनी माझ्या हातातलं निळं रीळ घेऊन मशीनवर चढवलं आणि साडीचा काठ पुढे केला.

त्या बहाराची रस्त्याकडची फळं उतरली. व्यापारी बागेत आला तेव्हा आत्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला आणि त्याच्याशी स्वतः बोलल्या. पाटाकडे आता ऊस आहे. चांगला येतो.

मी शिवणकाम शिकले तेव्हा मला एकच गोष्ट शिकवली गेली होती, की शिवण उसवता कामा नये. उसवलेला ब्लाउज घेऊन बाई दारात आली की चारचौघांत मान खाली जाते. त्यामुळे जोर आला की सुटेल अशी शिवण मुद्दाम घालायला माझा हात पहिल्या वर्षी तयारच होईना. आपण फसवाफसवी करतोय असं वाटायचं. आता मी ती ब्लाउजाइतकीच मन लावून घालते. साधा दोरा, टाका लांब, एकच घडी, आणि बॉबीनमध्ये वरच्याहून हलका. शिवण झाली की आत्या आणि मी दोन टोकं धरून ओढतो. शिवण आधी सुटली तर पास. साडी आधी फाटायला लागली तर दोरा बदलायचा. रोजच्या झुळकीला मात्र ती टिकली पाहिजे, नाहीतर सावलीच राहायची नाही, आणि ह्या दोन्हींच्या मधला दोरा शोधणं जाड दोरा शोधण्यापेक्षा अवघड आहे. तात्यांना हे अजून पटत नाही. मी कच्चा दोरा मागितला की त्यांचा चेहरा पडतो. पिढीजात दुकानात असं कुणी मागितलेलं नाही.

परवा दुपारी बारामतीत अंधारून आलं. धूळ घरात शिरली, एमआयडीसीकडच्या अंगाला वीज कडाडली, आणि लाइट गेली. मी मशीनवरून उठले आणि वरकुट्याला फोन लावला. लागेना. आत्या आता थकल्या आहेत, कोयता घेऊन पावसात धावायचं त्यांचं वय राहिलेलं नाही, आणि तरी त्या धावतील हे मला माहीत आहे. हे कामावरून आले, त्यांनीही लावून बघितला. चहा केला तो कुणी प्यायला नाही. दिवेलागणीला आत्यांचाच फोन आला.

"समदं उसवलं बघ," आत्या म्हणाल्या. त्यांचा आवाज तरुण बाईसारखा येत होता. "येक शिवण राहिली न्हाय. रईवारी ये मशीन घिऊन. आन दोरा त्योच आन, ह्यो लई चांगला निघाला."